हेसुखिया : शांततेच्या एका शब्दाचा प्रवास

‘शांत राहा’ हे दोन शब्द आपल्या घरांत, शाळांत आणि चर्चच्या आवारात दिवसातून किती वेळा उच्चारले जातात, याची मोजदाद कोणी केलेली नाही. रडणाऱ्या बाळाला आई ते मायेने म्हणते. धर्मग्रामाच्या सभेत हिशेब विचारणाऱ्याला तेच शब्द दटावून ऐकवले जातात. नवऱ्याच्या व्यसनाचा आणि मारझोडीचा जाच सांगायला आलेल्या स्त्रीला वडीलधारी मंडळी तेच शब्द उपदेश म्हणून सांगतात आणि वर बायबलचा आधारही देतात. पहिल्या प्रसंगी या शब्दांनी जिवाला विसावा मिळतो, तिसऱ्या प्रसंगी तोंड बंद होते.

पवित्र ग्रंथात शांत राहण्याचा बोध आहे, हे खरेच. परंतु नव्या करारात हा बोध ज्या ग्रीक शब्दाने केला आहे, तो शब्द कोठून आला, कोणी कोणाला उद्देशून वापरला आणि भाषांतरांच्या वाटेवर त्याचे काय झाले, याचा विचार आपण सहसा करीत नाही. शब्दांनाही चरित्र असते. या शब्दाचे चरित्र पाहिले, म्हणजे पवित्र ग्रंथाच्या नावाने कोणाला गप्प बसवता येते आणि कोणाला नाही, याचा उलगडा होतो.

तो शब्द आहे ‘हेसुखिया’. आजचे ग्रीक लोक त्याचा उच्चार ‘इसिहिया’ असा करतात. मराठी कानाला त्यात ‘सुख’ ऐकू येते, तो निव्वळ योगायोग. निश्चलता, स्वस्थता, उपद्रवाचा अभाव, विसावा आणि प्रसंगी मौन, एवढ्या सगळ्या छटा त्या एका शब्दात सामावलेल्या आहेत.

न्यायाची कन्या

ख्रिस्तजन्माच्या साडेचार शतके आधी, इ. स. पू. 446 मध्ये, एजिना बेटावरील अरिस्तोमेनेस नावाच्या मल्लाने डेल्फी येथील क्रीडामहोत्सवात कुस्ती जिंकली. त्याच्या गौरवार्थ पिंडार या थोर कवीने जे स्तोत्र रचले, त्याच्या आरंभी तो हेसुखियेलाच देवता कल्पून आवाहन करतो. ही देवता ‘दिके’ची म्हणजे न्यायदेवतेची कन्या आहे, असे तो सांगतो. एजिना त्या काळी बलाढ्य अथेन्सच्या अंकित होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या नात्यामागचा भाव कळतो. जेथे न्याय नाही तेथे हेसुखिया जन्मालाच येत नाही. तेथे असते ती केवळ दबलेल्यांची चुप्पी.

अथेन्सच्या लोकांना मात्र या शब्दाचे फारसे कौतुक नव्हते. थुसिडिडीस या इतिहासकाराने इ. स. पू. 432 मधील स्पार्टाच्या सभेचे वर्णन केले आहे. त्या सभेत करिंथचे वकील अथेनियन लोकांविषयी तक्रार करतात, की ही माणसे स्वतः स्वस्थ बसत नाहीत आणि इतरांनाही स्वस्थ बसू देत नाहीत. धडपडणाऱ्या, साम्राज्य वाढवणाऱ्या नगराला हेसुखिया म्हणजे आळस वाटे.

त्याच अथेन्समध्ये प्लेटोने या शब्दाला वेगळे वळण दिले. ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या सहाव्या भागात तो अशा तत्त्वज्ञाचे चित्र रेखाटतो, जो नगरातील बेबंदशाही पाहून हेसुखिया धरतो आणि आपले स्वतःचे काम पाहत राहतो. धुळीच्या वादळात भिंतीच्या आडोशाला उभ्या राहिलेल्या वाटसरूसारखी त्याची अवस्था असते. असा मनुष्य अन्यायापासून दूर राहिला, ही लहान गोष्ट नव्हे, परंतु सर्वांत मोठी गोष्टही नव्हे, असे प्लेटो तेथेच सुचवून ठेवतो. वाचकांनी या ठिकाणी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात : ‘स्वस्थ राहणे’ आणि ‘आपले काम पाहणे’. ही जोडी आपल्याला पुढे पुन्हा भेटणार आहे.

दरम्यान आलेक्झांड्रिया येथील यहुदी विद्वानांनी हिब्रू धर्मशास्त्र ग्रीक भाषेत आणले. ‘शास्ते’ या पुस्तकात परचक्र टळल्यावर देशाला चाळीस वर्षे स्वस्थता लाभली, अशा अर्थाची वाक्ये वारंवार येतात. तेथे भाषांतरकारांनी हाच शब्द योजला. एका माणसाची नव्हे तर संपूर्ण भूमीची हेसुखिया! जुलूम करणारा दूर झाल्यावर शेते, विहिरी आणि अंगणे यांना लाभलेली ती शांतता होती.

पौलाने जोडलेले हात

इ. स. 50 किंवा 51 च्या सुमारास संत पौलाने करिंथहून थेस्सलनीका येथील नवजात ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिले. बहुतेक अभ्यासकांच्या मते नव्या करारातील हा सर्वांत जुना लेख आहे. त्याच्या चौथ्या अध्यायातील अकराव्या ओवीत पौल तीन गोष्टी सांगतो : हेसुखियेत राहा, आपापले काम पाहा आणि आपल्या हातांनी श्रम करा.

पहिल्या दोन गोष्टी म्हणजे प्लेटोचीच ती जोडी. ग्रीक कानांना ती परिचयाची वाटली असणार. तिसरी गोष्ट मात्र प्लेटोच्या तत्त्वज्ञाने स्वप्नातही मनात आणली नसती. ग्रीक समाजात हाताचे काम गुलामांचे व कारागिरांचे मानले जाई, आणि स्वस्थता ही फुरसत असलेल्या सुखवस्तू नागरिकाची मिरास होती. पौल स्वतः तंबू शिवणारा कारागीर होता. त्याने त्या स्वस्थतेच्या शेजारी घट्टे पडलेले हात आणून ठेवले. शिवाय या तिन्ही गोष्टींसाठी त्याने जे क्रियापद वापरले आहे, त्याचा मूळ अर्थ ‘मानाची आकांक्षा धरणे’ असा आहे. इतर लोक पदवीची ईर्षा बाळगतात, तुम्ही शांत राहण्याची ईर्षा बाळगा, असा हा मोठा मार्मिक प्रयोग आहे.

या उपदेशाला कारणही तसेच होते. थेस्सलनीकाकरांना पाठवलेल्या दुसऱ्या पत्रावरून दिसते, की काही जण कामधंदा सोडून इतरांच्या उठाठेवी करीत फिरत होते. त्यांनी हेसुखियेने काम करून स्वतःची भाकर खावी, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे हा शब्द ज्यांना ऐकवला गेला ते जाच सोसणारे दुबळे लोक नव्हते. इतरांच्या कष्टांवर जगणाऱ्या आणि गावभर गोंधळ माजवणाऱ्या रिकामटेकड्यांसाठी तो होता.

शुभवर्तमानात हाच शब्द एका अत्यंत हृद्य प्रसंगी येतो. प्रभूचे शरीर कबरेत ठेवल्यानंतर गालीलाहून आलेल्या स्त्रियांनी सुगंधी द्रव्ये तयार केली आणि आज्ञेप्रमाणे शब्बाथ दिवशी हेसुखिया पाळली, असे संत लूक तेविसाव्या अध्यायाच्या अखेरीस नोंदवतो. शुक्रवारची संध्याकाळ आणि रविवारची पहाट यांच्यामधली ती स्वस्थता होती. हात तयारी करून थांबलेले, मन दुःखाने भरलेले आणि पाय कबरेकडे निघण्याच्या बेतात. पहाट होताच त्या निघाल्या आणि रिकाम्या कबरेचे वृत्त त्यांनीच प्रेषितांना सांगितले. प्रेषितांना ते बरळणे वाटले, तरी त्या बोलल्या. नव्या करारात स्त्रियांच्या संदर्भात या शब्दाचे जे सर्वांत सुंदर उदाहरण आहे, त्याचा शेवट पुनरुत्थानाच्या साक्षीने होतो, याचा विसर पडू नये.

एका शब्दाची दोन भाषांतरे

पश्चिमेकडे लॅटिन ही ख्रिस्तसभेची भाषा झाली, तेव्हा या शब्दाला तोलाचा एकच लॅटिन शब्द मिळाला नाही. पुढे व्हल्गेट म्हणून मान्यता पावलेल्या लॅटिन बायबलमध्ये हेसुखिया वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी वस्त्रे नेसून येते. थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रात ती ‘क्विएतुस’ म्हणजे स्वस्थ अशी आहे, तर दुसऱ्या पत्रात ती ‘सिलेन्तियुम’ म्हणजे मौन झाली आहे. लूकच्या शुभवर्तमानातील त्या स्त्रियाही लॅटिनमध्ये स्वस्थ राहत नाहीत, त्या मूक होतात.

सर्वांत दूरगामी परिणाम झाला तो तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात. दुसऱ्या ओवीत राजांसाठी व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याचा बोध असून आपणा सर्वांना निवांत व शांत जीवन लाभावे, हा त्याचा हेतू सांगितला आहे. तेथे हेसुखियेचेच विशेषण आहे आणि लॅटिनने त्याचे भाषांतर ‘त्रांक्विल्लुस’ म्हणजे शांत असे केले. अवघ्या नऊ ओव्या पुढे, स्त्रीने हेसुखियेत शिकावे, असे वाक्य येते. तेथे मात्र लॅटिनने ‘सिलेन्तियुम’ म्हटले आणि त्यावरून अनेक युरोपीय भाषांतरांनी ‘मौन’ असाच अर्थ धरला. सर्व ख्रिस्ती जनांसाठी जी शांतता, तीच स्त्रीच्या वाट्याला येताना मुकेपण ठरली.

या अध्यायातील वाक्ये कठीण आहेत आणि त्यांवर विद्वानांची ग्रंथरचना विपुल आहे. त्यांतील सर्व प्रश्न या लेखात सोडवण्याचा आमचा मानस नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात स्त्रियांच्या गप्प राहण्याविषयी जे वाक्य आहे, त्यात मूळ शब्दच निराळा आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरी एवढे निश्चित, की तीमथ्याच्या पत्रातील ती ओवी स्त्रीने ‘शिकावे’ असे सांगते आणि त्या शिकण्याची रीत म्हणून हेसुखिया सुचवते. शिष्याने गुरूजवळ बसावे तसे स्थिर चित्ताने बसणे, हा अर्थ तेथे सहज बसतो. अलीकडच्या काही भाषांतरांनी ‘मौन’ हा शब्द काढून ‘शांतपणे’ असा शब्द घातला आहे, तो याच कारणाने.

अरण्यातील दोर आणि टोपल्या

चौथ्या शतकात ईजिप्तच्या अरण्यांत हजारो स्त्रीपुरुष एकांतवासासाठी गेले. हेसुखिया हा त्यांच्या जीवनाचा जणू परवलीचा शब्द होता. पण अरण्यात जाऊन ते करीत काय होते? संत अंतोनी आरंभी कंटाळ्याने व विचारांच्या गर्दीने व्याकूळ झाला, तेव्हाची एक आख्यायिका आहे. आपल्यासारखाच एक मनुष्य बसून दोर वळताना, मग उठून प्रार्थना करताना आणि पुन्हा बसून दोर वळताना त्याला दिसला. तो देवदूत होता. हात आणि प्रार्थना यांची ती आलटून पालटून चालणारी लय हाच त्याच्या प्रश्नाचा तोडगा ठरला. पौलाने जोडलेले हात अरण्यातही सुटले नाहीत. खजुराच्या पात्या भिजवून दोर वळणे आणि टोपल्या विणणे, त्या बाजारात विकून स्वतःचे पोट भरणे व उरलेले गोरगरिबांना देणे, हा त्या तपस्व्यांचा नित्यक्रम होता.

सम्राट थिओडोसियसच्या मुलांचा शिक्षक असलेला आर्सेनियस राजवाडा सोडून या अरण्यात आला, आणि एकांतवास पत्करल्यावर पळून जा, मौन धर, हेसुखियेत राहा, अशी वाणी त्याने ऐकली. हा विद्वान एका वृद्ध ईजिप्शियन खेडुताला आपल्या मनातील विचारांविषयी सल्ला विचारी. लोकांना आश्चर्य वाटले, तेव्हा त्याने सांगितले, की ग्रीक व लॅटिन विद्या मला अवगत आहेत, पण या खेडुताची मुळाक्षरे मी अजून शिकलेलो नाही. हेसुखियेने त्याला ऐकायला शिकवले होते. पदवीधराने निरक्षराचे ऐकावे, ही शांततेची खरी परीक्षा होय.

या अरण्यात स्त्रियाही होत्या. त्यांना ‘अम्मा’ म्हणत. सारा, सिंक्लेतिका आणि थिओडोरा या तीन अम्मांची वचने मठाधीशांच्या वचनांबरोबर आदराने जतन केली गेली. हेसुखियेची वाट धरताच मन कसे जड होते आणि शरीर दुखण्याची सोंगे कशी आणते, हे थिओडोराने स्वानुभवाने सांगितले आहे. डोंगरावर राहूनही माणसे बाजारातल्यासारखी वागू शकतात आणि गर्दीत राहूनही मनाने एकांती होऊ शकतात, अशा आशयाचे सिंक्लेतिकेचे वचन आहे. या स्त्रिया शांत होत्या म्हणूनच त्यांच्या बोलण्याला वजन होते, आणि पुरुष ते ऐकत होते.

सातव्या शतकात सीनाय पर्वतावरील मठाधीश संत योहान क्लिमाकस याने आध्यात्मिक जीवनाची तीस पायऱ्यांची शिडी रचली. तिच्यात हेसुखियेला सत्ताविसावी पायरी दिली आहे. रागलोभ, निंदा आणि लबाडी यांच्याशी झगडून झाल्यावरच माणूस तेथे पोहोचतो. ती शिडीच्या तळाशी नाही, हे लक्षणीय आहे.

थेस्सलनीकाचा महागुरू

उत्तर ग्रीसमध्ये आथोस नावाचा डोंगराळ भूभाग समुद्रात घुसलेला आहे. तेथील महालाव्रा मठ 963 साली स्थापन झाला आणि पुढे सारा डोंगरच मठवासीयांचा झाला. चौदाव्या शतकात तेथील तपस्वी येशूचे नाव घेऊन दयेची याचना करणारी एक लहानशी प्रार्थना श्वासाच्या लयीत अखंड जपत. त्यांना ‘हेसुखास्त’ म्हणजे हेसुखिया पाळणारे म्हणत. दक्षिण इटलीतील कलाब्रियाहून आलेल्या बार्लाम नावाच्या विद्वान मठवासीयाला हा प्रकार अडाणीपणाचा वाटला. मान वाकवून बसणाऱ्या या लोकांचा आत्मा बेंबीत राहतो, अशी त्याने टवाळी केली.

आथोसचा मठवासी ग्रेगरी पालामास याने त्यांची बाजू मांडली. देवाचे अंतरंग मानवाला अगम्य आहे, परंतु देवाची कृपाशक्ती मानवाला खरोखर स्पर्श करते आणि त्या स्पर्शात शरीरही सहभागी असते, असे त्याचे प्रतिपादन होते. कॉन्स्टँटिनोपल येथे 1341, 1347 आणि 1351 साली भरलेल्या सभांनी त्याच्या बाजूने कौल दिला. बार्लाम इटलीला परतला, कॅथलिक ख्रिस्तसभेत आला आणि 1342 साली जेराचे येथे बिशप झाला. त्यानंतर पाश्चात्त्य ख्रिस्तसभेत पालामासच्या शिकवणुकीकडे दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले.

1347 साली पालामासची थेस्सलनीकाचा महागुरू म्हणून निवड झाली. ज्या नगराला पौलाने हेसुखियेचा बोध केला होता, त्याच नगराला तेराशे वर्षांनी हेसुखास्तांचा कैवारी लाभला! पण नगर यादवीने पेटलेले होते आणि 1350 पर्यंत त्याला तेथे पाऊलही ठेवता आले नाही. आल्यावर त्याने पहिले प्रवचन केले ते परस्परांतील सलोख्यावर. सावकारीवर आणि गरिबांच्या पिळवणुकीवरही त्याने प्रवचनांतून कोरडे ओढले. एकांताचा हा उपासक अन्यायासमोर गप्प बसला नाही. अखंड प्रार्थना मठवासीयांप्रमाणे संसारी लोकांसाठीही आहे, असे तो आग्रहाने सांगे. त्याचे वडील सम्राटाच्या दरबारी होते. दरबारातही ते प्रार्थनेत बुडून जात आणि सम्राट त्यांना तसेच राहू देई, अशी आठवण त्याच्या चरित्रात आहे.

पश्चिमेकडे ‘क्विएस’ म्हणजे स्वस्थता, या शब्दाचीही कसोटी लागली. आविलाच्या संत तेरेजाने सोळाव्या शतकात ‘स्वस्थतेची प्रार्थना’ विशद केली. पण मार्था आणि मरिया यांनी एकत्रच नांदले पाहिजे, हे तिने कधी सुटू दिले नाही. शंभर वर्षांनी मिगेल दे मोलिनोस याने आत्म्याने पूर्ण निष्क्रिय व्हावे, अशा टोकाला ही शिकवण नेली. पोप अकरावे इनोसंट यांनी 1687 साली त्याची 68 विधाने त्याज्य ठरवली. हात सुटले, की स्वस्थतेचा निष्क्रियपणा होतो. प्रेम सुटले, की मौनाची मुस्कटदाबी होते. हेसुखियेच्या दोन लॅटिन वारसांना झालेले हे दोन रोग होत.

विसाव्या शतकात जुना संशय निवळू लागला. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने येशूनामाच्या त्या प्रार्थनेला मानाचे स्थान दिले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1995 साली पौर्वात्य ख्रिस्तसभांवरील पत्रात आराधनेतून येणाऱ्या मौनाचा गौरव केला आणि 1996 च्या ऑगस्टमध्ये हेसुखास्त परंपरेचा आदराने उल्लेख केला. ज्या तेरेजेने स्वस्थतेची प्रार्थना शिकवली, तिला तर पोप सहावे पॉल यांनी 1970 सालीच ख्रिस्तसभेची पंडिता म्हणून घोषित केले होते.

आपली भाषा आणि आपले घर

मराठीत या शब्दाला प्रतिशब्द शोधायचा झाला, तर आमच्या मते ‘स्वस्थ’ हा शब्द त्याच्या फार जवळ जातो. स्व-स्थ, म्हणजे आपल्या ठायी स्थिर असलेला. निरोगी माणसालाही आपण स्वस्थ म्हणतो. उलट ‘गप्प’, ‘निमूट’ आणि ‘मुकाट’ हे शब्द बहुधा दुसऱ्याच्या धाकाने आलेल्या अवस्थेचे आहेत. स्वस्थता माणूस स्वतः धारण करतो, मुकाटपणा त्याच्यावर लादला जातो. हा फरक आपली भाषा आपल्याला फुकट शिकवते. आपण तो विसरतो, हा भाषेचा दोष नव्हे.

म्हणून मार खाणाऱ्या स्त्रीला ‘शांत राहा, बायबलमध्ये तसे सांगितले आहे’ असे जेव्हा कोणी म्हणतो, तेव्हा तो पवित्र ग्रंथाचा आधार देत नाही, त्याचा गैरवापर करतो. पौलाचा बोध तेथे मारणाऱ्याला लागू पडतो : स्वस्थ हो, आपले काम पाहा, हात मारण्यासाठी नव्हे तर श्रमासाठी वापर. त्या स्त्रीला प्रथम हवी ती सुरक्षितता आणि तिचे ऐकून घेणारी माणसे. सभेत हिशेब विचारणाऱ्यालाही उत्तर मिळाल्यावरच शांतता लाभते, आणि ती साऱ्या सभेला लाभते. न्यायाचे फळ शांती होय, असे यशया संदेष्टा सांगतो, आणि पोप बारावे पायस यांनी त्याच ओवीतून आपले बोधवाक्य घेतले होते. मूर्तिपूजक पिंडारने हेसुखियेला न्यायाची कन्या म्हटले, त्यातही हेच सत्य डोकावते. आईला घराबाहेर काढून मुलीला घरात नांदवता येत नाही.

प्रत्येकाने स्वतःसाठी मात्र ही स्वस्थता अवश्य मागावी. त्यासाठी आथोसचा डोंगर चढावा लागत नाही. भाजी निवडताना, जाळे विणताना, लोकलच्या गर्दीत उभे असताना येशूचे नाव श्वासाबरोबर घेता येते. रात्री जपमाळेपूर्वी दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद करून घरातील सर्वांनी पाच मिनिटे नुसते एकत्र बसावे. त्यानंतर घरात जो सर्वांत कमी बोलतो त्याला, मग ती सून असो, आजी असो वा धाकटे मूल, दिवस कसा गेला ते विचारावे आणि तिचे किंवा त्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत इतरांनी हेसुखिया पाळावी.